मी जेवले

प्रिय आई,

‘प्रिय’ लिहिताना मला हसू आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, “प्रिय काय गो? सरळ आये म्हन, आनि काय पाहिजे ते बोल!”

तर बोलते. आज तुझ्या एका वाक्यावरून मी एका मोठ्या माणसाशी भांडायला बसलेय. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. कुकर उतरलाय, बिरडं झालंय, घरातले सगळे जेवून आडवे झालेत. पण मी आधी तुला लिहिते आणि मग त्यांना. भांडण तुझ्यावरून आहे, तर हकिगत तुला पहिल्यांदा कळायला नको?

‘मी जेवले’ आठवते ना तुला? माझी ती कथा, दिवाळी अंकात आली होती ती. तुला कशी आठवणार नाही म्हणा! तिच्यावरून तू माझ्याशी आठवडाभर धड बोलली नव्हतीस.

त्या कथेत आपलं नालासोपाऱ्याचं घर होतं. कंबर धरल्यामुळे रिक्षा सोडून घरी बसलेले बाबा होते, दादा होता, मी होते. तू वसईच्या एका कारखान्याच्या गाळ्यात दुपारपाळी करून यायचीस, आल्याआल्या पदर खोचून आम्हाला वाढायचीस. आम्ही म्हणायचो, “तू पण बस की.” तू म्हणायचीस, “मी जेवले. तुम्ही खावा.” मग टोपात पळी फिरल्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज रिकाम्या टोपाचा असायचा. हे सगळं मी लिहिलं आणि शेवटी एक वाक्य टाकलं: ‘ती खोटं बोलत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.’

काय कौतुक झालं त्या वाक्याचं! ज्या वकिलांकडे मी टायपिंग करते, त्यांच्या बायकोनं मला फोन करून रडून दाखवलं. अनोळखी लोकांनी पत्रं पाठवली, आपापल्या आया आठवल्या म्हणून.

आणि मी मोठ्या हौसेनं तुला वाचून दाखवायला बसले. तू परातीत भिजवलेले वाल सोलत होतीस. अर्ध्यापर्यंत तू खूश होतीस. बाबांची नक्कल ऐकून तर फसकन हसलीस. मग ते वाक्य आलं आणि तुझा हात थांबला.

“पन मी जेवले होते गो!”

“आई, ही कथा आहे.”

“असूं दे. मी जेवले होते तर उपाशी का ठेवलीस मला? ती पन चारचौघांत?”

मी तुला समजावत राहिले. म्हटलं, लोकांना भिडतं असं. त्यातून बाईचं दुःख दिसतं. तू ऐकून घेतलंस आणि एक वाल माझ्या अंगावर टाकून म्हणालीस, “कोर्टाजवळ बसून खाली ‘वरील मजकूर खरा आहे’ म्हनून टायपतेस, आनि आईबद्दल खोटं?”

मी रागावून अंक मिटला. तू मात्र सोडणारी कुठे! संध्याकाळपर्यंत तुझी समीक्षा चालूच होती. मी तुला वाचायला शिकवलं, लायब्ररीतून पुस्तकं आणून दिली, त्या सगळ्या पुस्तकांचा तू त्या दिवशी हिशेब चुकता केलास. “तुमच्या पुस्तकांतल्या बायका जेवत का नाय गो? सैपाक करतात, वाढतात, भांडी घासतात, पान्याला जातात, मार खातात, पन जेवन काय करत नाय. गरिबाची बाई म्हंजे काय तोंडच नसतं तिला?”

मी म्हटलं, “गरिबी दाखवायची असते.”

“मंग कथेत तरी जेवायला घाल की! तिथं कुठं तांदूळ लागतात?”

खरं सांगू? मला ते वाक्य फार आवडलं होतं. पण तुला कसं सांगणार? तू आधीच वरचढ झाली होतीस. आणि मनातून मला वाटत होतं, तू हे अभिमानापोटी म्हणतेस. नायगावकडच्या मिठागरातली पोर तू, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून मोठी झालेली. उपाशी होते असं कबूल करणं तुला जमणार नाही, असा मी शहाण्यासारखा निष्कर्ष काढून टाकला. पुस्तकं वाचून वाचून माझा असा ग्रह झाला होता, की आया ‘जेवले’ म्हणतात तेव्हा त्या उपाशीच असतात!

मग तू आजारी पडलीस, आणि गेल्या वर्षी गेलीस. दहाव्याला कावळा शिवतो की नाही म्हणून दादा घाबरला होता. म्हणाला, “आईची काही इच्छा राहिली असेल तर?” पान ठेवून आम्ही मागे सरलो न सरलो, तोच कावळा आला आणि थेट वड्यावर बसला! भटजीसुद्धा हसले. खाण्याच्या बाबतीत तू कधी आढेवेढे घेतले नाहीस, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर तुझी भाभी आली भेटायला. मी तिला नावानं ओळखत होते, पाहिलं पहिल्यांदाच. स्टेशनच्या पूर्वेला डोंगराच्या बाजूच्या चाळीत राहते ती. गाळ्यात तुझ्याबरोबर वर्षानुवर्षं केसांच्या क्लिपा करत होती, तीच ही भाभी. आली, तुझ्या फोटोला हात लावला आणि फोटोलाच म्हणाली, “क्या महारानी, हमको छोड के निकल गयी?”

महाराणी? तू? मी विचारलं, तर तिनं सगळं सांगितलं. आई, तू हे मला जन्मात सांगितलं नाहीस!

मला एवढंच ठाऊक होतं की तू क्लिपांवर खडे चिकटवायचीस. ते चिकटवायचं सोल्युशन बोटांना बसलं की साबणानं निघत नाही, रॉकेलनं चोळावं लागतं, हेही ठाऊक होतं. घरी आल्यावर तुझ्या हाताला तो वास असायचाच. पण दिवेलागणीला तुमची जेवणाची सुट्टी व्हायची, तेव्हा त्या चिकट हातांनी तू जेवायचीस कशी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

भाभी म्हणाली, “ती तर जेवायचीच नाय हाताने! आम्ही भरवायचो. सोल्युशनवाल्या बायका एका लाइनमध्ये बसायच्या, हात असे वर करून. आणि आम्ही कार्डवाल्या, क्लिपा कार्डावर लावणाऱ्या, आमचे हात साफ, तर आम्ही एक-एकीला घास द्यायचो. तुझी मम्मी माझी. मैं उसको खिलाती थी.”

“चमचा का नाही?”

“अगं, चमच्याला पण हात लागतोच ना? चिपक जाता था! मग मालक ओरडणार, चमचा घेऊन कामाला बसली का म्हणून.”

आणि मग काय काय सांगितलं तिनं! म्हणे तू तोंड उघडून बसायचीस आणि हुकूम सोडायचीस. आधी भाजी, मग भाकरी, मिरची बाजूला कर, घास मोठा कर, मी काय चिमणी आहे? वसईच्या होळी भागातून येणाऱ्या फिलूबायच्या डब्यात बोंबील असले, की आधी तू ‘आ’ करायचीस आणि मग तिच्याच बोलीत ‘देव बरं करो’ म्हणून तिचे आभार मानायचीस. भाभीच्या घरचं लिट्टी-चोखा तुला इतकं आवडायचं, की ती तुझ्या वाटणीचं वेगळं करून आणायची. एकदा कुणीतरी विनोद केला आणि हसताना तुला ठसका लागला. हात चिकट, त्यामुळे पाणी पण भाभीनेच पाजलं आणि पाठीत धपाटेही तिनेच घातले!

मी ऐकत होते आणि माझी कथा माझ्या डोळ्यांदेखत कोसळत होती. तू खरंच जेवली होतीस! रात्री घरी येऊन ‘मी जेवले’ म्हणायचीस, तेव्हा तुझ्या पोटात भाकरी, बोंबील आणि लिट्टी असायची. आणि मी, तुझी लेखिका मुलगी, त्या भरल्या पोटावर दुःखाची कथा लिहून बसले होते.

मला राग आला नाही, आनंद झाला. फार आनंद झाला, आई. जगात एक जागा अशी होती, जिथे तुला कुणीतरी घास भरवत होतं. आम्हा सगळ्यांना वाढणारी तू, तिथे हात वर करून महाराणीसारखी बसत होतीस.

आणि मग मला हॉस्पिटल आठवलं. तुझ्या दोन्ही हातांना सुया होत्या, आणि मी तुला पहिल्यांदाच भरवत होते. मला वाटलं होतं तू लाजशील, नको म्हणशील. शेजारच्या खाटेवरच्या आजी लेकीच्या हातून खायला किती रडत होत्या! आणि तू? मी पेजेचा चमचा उचलला, तशी तू हात बाजूला धरून सराईतासारखा ‘आ’ केलास. वर म्हणालीस, “घास मोठा कर.” सिस्टर म्हणाली, तुमच्या आईला सवय दिसते. मी म्हटलं, छे हो, हिला कोण भरवणार!

बघ ना, सिस्टरला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

तर आता भांडणाकडे येते. पुण्याचे एक संपादक कष्टकरी बायकांच्या कथांचं पुस्तक काढतायत. मोठे नावाजलेले गृहस्थ आहेत, स्वभावानेही सज्जन. त्यांनी माझी ‘मी जेवले’ निवडली. पुस्तकात येणारी माझी ही पहिलीच कथा! घरात पेढे आले, दादानं सोसायटीभर सांगितलं. मी सरांना म्हटलं, मला कथा थोडी दुरुस्त करायची आहे. ते म्हणाले, अवश्य करा.

मी गाळा लिहिला. चिकट हातांची रांग लिहिली, भाभी लिहिली, बोंबील लिहिले. तुझं ‘जेवन’ आणि ‘पानी’ मुद्रितशोधकानं ‘जेवण’ आणि ‘पाणी’ करून टाकलं होतं, ते मी परत तुझं केलं. सरांना ते पटलंसुद्धा, म्हणाले, बोली जपली पाहिजे. आणि शेवटचं वाक्य मी काढून टाकलं. आता कथा ‘मी जेवले. तुम्ही खावा’ इथेच संपते.

काल सरांचा फोन आला. “गाळा सुंदर झालाय. पण शेवटचं वाक्य का काढलंत? तो कथेचा कणा आहे.”

मी म्हटलं, “सर, ती जेवली होती.”

“असेल. पण कथेत ती जेवली तर उरतं काय? एक बाई कामावर जाते, जेवते, घरी येते. वाचक कशासाठी रडेल?”

“न रडला तर नाही चालणार का?”

ते हसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे पाहा, ते वाक्य नसेल तर मला ही कथा या पुस्तकात बसवणं अवघड आहे. जागा कमी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत विचार करून कळवा.”

फोन ठेवला आणि मी खरंच विचारात पडले. खोटं कशाला सांगू? पुस्तकात नाव यावं असं मला फार वाटतंय. कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाईप करतेय, एकदा तरी माझं नाव छापलेल्या पुस्तकावरून बोट फिरवायचंय. एका वाक्याचा तर प्रश्न! घातलं काय, न घातलं काय, तू थोडीच वाचायला येणार होतीस?

म्हणून आज सकाळी कथा उचलली आणि भाभीकडे गेले. म्हटलं, जिनं घास भरवला तिलाच विचारावं.

भाभी पिंपात पाणी भरत होती. मला पाहून पाइप तसाच सोडला, चहा टाकला. शेजारच्या दोघी-तिघी पण येऊन उंबऱ्यात बसल्या. मी वाचायला लागले. गाळ्याचा भाग आला तशी भाभी मध्येच, “सही है, सही है,” “अरे, ये तो मैं हूँ!” असं सगळ्यांना सांगायला लागली. तुझ्या ठसक्याच्या प्रसंगाला तर ती इतकी हसली की चहा उतू गेला. मला वाटलं, बघा सर, रडण्यावाचून काही अडत नाही कुणाचं.

मग शेवट आला. बाबा, दादा, मी जेवतोय. तू वाढतेस. टोपात पळीचा आवाज होतो. “मी जेवले. तुम्ही खावा.”

मी कागद खाली ठेवला. पिंप भरून पाणी वाहत होतं, तरी भाभी उठली नाही. मग ती हळूच म्हणाली,

“झूठी.”

मी चमकले. “भाभी, तूच तर सांगितलंस ना, ती जेवायची म्हणून?”

“गाळ्यात जेवायची. खूब जेवायची. पण गाळा बंद झाला तेव्हा?”

गाळा बंद झाला तेव्हा. मालकानं सगळं गुजरातकडे हलवलं होतं, आणि गणपती ते दिवाळी तू घरीच क्लिपा आणून चिकटवत होतीस. भाभी म्हणाली, “मला मार्केटमध्ये भेटली. एकदम सुकलेली. मी बोलली, क्या रे, खाना-वाना नहीं खाती? तर हसली. बोलली, आता भरवनारं कोन हाय?”

आई, तेव्हा मी घरातच होते! तू खिडकीशी बसून खडे चिकटवायचीस आणि मी समोर परीक्षेचा अभ्यास करायचे. आम्हाला वाढायला तू उलथण्यानं भात काढायचीस, हात लागू नये म्हणून. आणि “तुम्ही खावा, मी मघाशीच जेवले” म्हणायचीस, अगदी पूर्वीसारख्याच आवाजात. म्हणजे तेव्हा खोटं होतं ते? रोज? की एखाद्या दिवशी रॉकेलनं हात चोळून दोन घास खरंच खात होतीस?

का गं असं केलंस? गाळ्यात परक्या बाईसमोर ‘आ’ करताना तुला लाज वाटली नाही, आणि घरात आमच्यासमोर तोंड मिटून बसलीस! एकदा म्हणायचं होतंस, “सुमे, भरव गो.” मी काय पुस्तक टाकून आले नसते? तुझा हा हट्ट मला अजिबात आवडला नाही, हे आज स्पष्ट सांगते. मला रडू आलं. भाभीच्या कॉटवर बसून मी चांगली हमसून रडले, आणि भाभीनं चहात बुडवलेलं खारी बिस्किट माझ्या तोंडात घातलं.

घरी येताना रिक्षात माझ्या मनात आलं, आता तर ते वाक्य खरंच ठरलं. घालू या का परत? सरही खूश, पुस्तकातली जागाही पक्की, आणि खोटंही नाही. सगळंच जमतंय!

पण मग मला भाभीचं ‘झूठी’ आठवलं. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, आणि तरी ते तिनं ऐकलं. स्वतः म्हणाली. मी लिहिलं असतं तर तिला म्हणायला काय उरलं असतं? आणि उंबऱ्यात बसलेली ती शेजारीण, जी तुला ओळखतही नव्हती, ती निघताना मला काय म्हणाली ठाऊक आहे? “बरं झालं ताई, त्या बाईला मस्त जेवायला घातलंत. नायतर आमच्यातलीला कोन घालतंय!” एकाच गोष्टीत एकीनं तुला उपाशी पाहिलं आणि दुसरीनं पोटभर जेवलेली पाहिलं. दोघीही बरोबर आहेत. मग मी कोण मध्ये पडणार?

तुझे ते दोन शब्द तुझेच राहू देते. तू कधी खरं बोललीस आणि कधी खोटं, ते तुझ्या पोटाला ठाऊक. मी आता पंच म्हणून उभी राहणार नाही. खाली ‘मजकूर खरा आहे’ असंही लिहिणार नाही आणि ‘खोटा आहे’ असंही नाही.

सरांना मी असं कळवतेय: “कथा घ्यायची तर अशीच घ्या. वाक्य येणार नाही. भाभीला वाचून दाखवलीय, तिला न लिहिलेलं वाक्य ऐकू आलं. तुमच्या वाचकांनाही येईल.” घेतली तर पेढे पुन्हा वाटू. नाही घेतली तर भाभीच्या चाळीतल्या बायकांनी पुढच्या रविवारी दुसरी गोष्ट वाचायला बोलावलंच आहे. पत्रावळ्या करणाऱ्या एका बाईनं तर आधीच सांगून ठेवलंय, माझ्यावर लिहा, पण मला मटण घाला!

तुला मी वचन देते. यापुढे माझ्या गोष्टीतली बाई जेवेल, मागून घेईल, घास लहान झाला तर कुरकुर करेल. आणि जी खरंच उपाशी असेल, तिला मी गुपचूप पळी फिरवत बसू देणार नाही. तिच्या तोंडून मी ‘भरव’ म्हणवून घेईन, मग ती कितीही हट्टी असो. तुझ्याकडून तेवढं राहून गेलं, ते मी माझ्या बायकांकडून करून घेते.

आता सरांना पाठवते. आणि हो, ऊन कलायला आलं, तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी जेवले.

तुझी,
सुमी